‘फक्त ३५ हजारांत मालदीव’: स्वस्त प्रवासाचा लेख संशोधक म्हणून कसा वाचायचा?

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरने तिच्या सिनॉप्सिसचा मसुदा वाचायला पाठवला. विषय छोटी बेटं आणि पर्यटन. मसुदा चांगला होता, मेहनत दिसत होती. पण दुसऱ्याच पानावर एक वाक्य होतं: ‘अलीकडच्या काळात मालदीव सामान्य भारतीय पर्यटकाच्या आवाक्यात आले आहे.’ त्याला आधार म्हणून तीन ट्रॅव्हल ब्लॉग दिले होते. त्यातला तिसरा माझा होता.

हसू नका. २०१९ च्या फेब्रुवारीत, एम.ए. झाल्यावर, शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांत मी आणि माझी एक मैत्रीण माफुशी नावाच्या बेटावर चार रात्री राहून आलो. आल्याआल्या मी एक लेख लिहिला. शीर्षकात ‘फक्त’ होतं, आकडा होता, उद्गारचिन्हही होतं. आजवर मी जे काही लिहिलंय त्यात सगळ्यात जास्त वाचला गेलेला मजकूर तोच. माझा एम.फिल.चा प्रबंध किती जणांनी वाचला हे मी सांगणार नाही, गाईड धरून दोन्ही हातांच्या बोटांत बसतात.

तर आज त्या लेखाची, आणि तो ज्या जातकुळीचा आहे त्या सगळ्या लेखनाची, चिरफाड करायची आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेट देऊन विषय शोधत असाल. असं लेखन तुमच्या हाताशी भरपूर असतं, मराठीत असतं, फुकट असतं. ते वापरायचं की नाही, आणि वापरायचं तर कशाचा पुरावा म्हणून, हा खरा प्रश्न आहे.

आधी शीर्षकातला आकडा बघा. माझ्या लेखात शेवटी एक तक्ता होता, तो असा: मुंबई–माले जाऊन-येऊन विमान, मध्ये एक थांबा, १७,८०० रुपये. गेस्टहाऊसची खोली दोघींत, माझा वाटा चार रात्रींचा ६,५५० रुपये. खाणं ४,२७०. जाताना सरकारी फेरी, येताना स्पीडबोट मिळून १,५७०. स्नॉर्केलिंगची एक ट्रिप १,७८०. ग्रीन टॅक्स, तेव्हा गेस्टहाऊसमध्ये माणशी रात्रीला ३ डॉलर होता, म्हणून ८५५. किरकोळ १,४००. बेरीज ३४,२२५. ‘फक्त ३५ हजारांत.’

या बेरजेत चूक नाही. चूक तिच्या कडेला आहे. पासपोर्टचे १,५०० रुपये मी धरले नव्हते, कारण पासपोर्ट आधीच काढलेला होता. मुंबईत दोन रात्री मावशीकडे राहिले, त्याचे शून्य. मैत्रिणीच्या भावाचा पाण्याखाली चालणारा कॅमेरा आणि मास्क, त्याचेही शून्य. म्हणजे मुंबईत मावशी असणं, पासपोर्ट आधीच असणं आणि उसनं देणारा भाऊ असणं या तिन्ही गोष्टींची किंमत मी शून्य लावली आणि वाचकाला म्हटलं, ‘बघा, तुम्हीही करू शकता.’ आपल्याकडे आहे ते सगळ्यांकडेच असणार, असं आपण किती सहज धरून चालतो!

आता ‘फक्त’ या शब्दाकडे या. त्याच वर्षी जेआरएफची रक्कम महिन्याला २५ हजारांवरून ३१ हजारांवर गेली. म्हणजे माझी ‘स्वस्त’ सहल एका रिसर्च फेलोच्या महिन्याभराच्या फेलोशिपपेक्षा जास्त होती. ती फेलोशिप वेळेवर येते असं धरून हं. ज्युनिअरने ज्या ‘सामान्य भारतीय पर्यटका’बद्दल लिहिलं तो या तक्त्यात कुठेच नाही. एका मुलीने चार रात्रींत काय खर्च केला याचा तो पुरावा आहे, बाकी कशाचाही नाही. आणि जे गेले, ज्यांचे पैसे वाढले, फेरी चुकली, आजारी पडले, ते घरी येऊन ‘६८ हजारांत मालदीव, आणि तेही कंटाळवाणं’ असा लेख लिहीत नाहीत. तुम्ही शंभर बजेट-लेख गोळा केलेत तरी ते शंभर यशस्वी प्रवास असतील. सॅम्पल मोठं झालं म्हणून ही गळती भरून निघत नाही.

माझीही फेरी चुकली होती. मी गेले तेव्हा माले ते माफुशी सरकारी फेरी साधारण दीड तास घ्यायची आणि दोन-तीन डॉलरांत काम व्हायचं, पण शुक्रवारी ती बंद असायची. आमचं परतीचं विमान शुक्रवारी. हे आम्हाला गुरुवारी रात्री कळलं. मग वीस-वीस डॉलर मोजून स्पीडबोट. लेखात मी काय लिहिलं? ‘येताना आम्ही स्पीडबोटीचा अनुभव घेतला.’ अनुभव! मूर्खपणाला अनुभव म्हणणं ही या लेखनप्रकाराची खास शैली आहे. तुम्ही वाचाल तेव्हा ‘अनुभव’ शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारत जा, बहुतेक वेळा तिथे काहीतरी झाकलेलं असतं.

पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. माझ्या लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात मी माफुशीला ‘लपलेलं रत्न’ म्हटलं होतं. हे वाक्य नुसतं गुळगुळीत नाही, खोटं आहे.

मालदीवमध्ये पर्यटन सुरू झालं १९७२ मध्ये, मालेजवळच्या विहामनाफुशी बेटावर. तेच आजचं कुरुंबा रिसॉर्ट. पुढे धोरण ठरत गेलं ते असं, की एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट, आणि ते बेट निर्जन असलं पाहिजे. जिथे मालदीवचे लोक राहतात तिथे परक्यांनी राहायचं नाही. सुरुवातीला वस्तीच्या बेटांवरही पाहुणे उतरत असत, पण १९८० च्या दशकात ते बंद झालं. पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं स्वस्त मालदीव नव्हतंच. ते लपलेलं नव्हतं, कायद्याने बंद होतं. मोहम्मद नशीद यांच्या सरकारच्या काळात, २००९-१० च्या सुमारास, वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस काढायला पुन्हा परवानगी मिळाली. माफुशीवरचं पहिलं गेस्टहाऊस २०१० चं. मी गेले तोवर सव्वा किलोमीटर लांबीच्या त्या बेटावर डझनावारी गेस्टहाऊसं झाली होती.

म्हणजे ‘मी शोधून काढलं’ असं जे आम्ही सगळे लिहितो, ते खरं तर एका सरकारी निर्णयाचा आम्हाला मिळालेला फायदा आहे. बजेट-लेखात धोरण नावाची गोष्टच नसते. त्यात फक्त हुशार प्रवासी असतो आणि जग त्याच्या हुशारीपुढे दरवाजे उघडत जातं.

आणि माफुशीवर आणखी काय आहे माहितीये? मालदीवचा मोठा तुरुंग. बेटाच्या एका टोकाला. मी त्याच्या बाजूने दोनदा चालत गेले आणि लेखात ओळ नाही. सप्टेंबर २००३ मध्ये या तुरुंगात इव्हान नसीम नावाचा तरुण कैदी मारहाणीत मेला. त्यानंतर तुरुंगात गोळीबार झाला, मालेत लोक रस्त्यावर आले, आणि मौमून अब्दुल गयूम यांच्या तीस वर्षांच्या राजवटीला जे तडे जात गेले त्याची सुरुवात लोक त्या दिवसांपासून मोजतात. २००८ मध्ये पहिली बहुपक्षीय अध्यक्षीय निवडणूक झाली, नशीद निवडून आले, आणि त्यांच्याच काळात गेस्टहाऊसला परवानगी मिळाली. पुढे २०१५ मध्ये खुद्द नशीद यांनाच शिक्षा होऊन माफुशीच्या तुरुंगात ठेवलं गेलं.

इथे एक सावधगिरी. ‘तुरुंगातल्या मृत्यूमुळे स्वस्त पर्यटन आलं’ असं वाक्य आता तुमच्या डोक्यात तयार झालं असेल. माझ्याही झालं होतं, आणि ते एका सेमिनार पेपरात मी लिहिलंही होतं. गाईडने समासात फक्त ‘मधले सहा वर्षं कुठे गेले?’ असं लिहून परत दिलं. घटना एकामागून एक येतात म्हणून एकीतून दुसरी निघते असं नाही. मध्ये त्सुनामी आहे, २००८ चं नवं संविधान आहे, रिसॉर्ट-मालकांचं राजकारण आहे. पण तेवढं म्हणता येतं की ज्या बेटाला मी शांत, निवांत, राजकारणापासून दूर वगैरे म्हटलं, ते त्या देशाच्या राजकारणाच्या ऐन मध्यावर आहे.

आता सिद्धांताची बाजू. बजेट प्रवाशाच्या बाजूने बोलणारं संशोधन आहे, आणि ते दमदार आहे. मार्क हॅम्पटन यांचा १९९८ चा ‘अॅनल्स ऑफ टुरिझम रिसर्च’मधला लेख तुम्ही वाचलाच पाहिजे. बॅकपॅकर्स आणि आर्थिक विकास हा विषय, आणि उदाहरण इंडोनेशियातल्या लोम्बोकजवळच्या गिली बेटांचं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की कमी पैशांत फिरणारे लोक स्थानिकांच्या छोट्या धंद्यांत पैसे घालतात. असे धंदे काढायला भांडवल कमी लागतं, परदेशी मालकी कमी असते, म्हणून पैसा तिथेच जास्त राहतो. सरकारं मात्र श्रीमंत पर्यटकाच्या मागे धावतात आणि या लोकांकडे तुच्छतेने बघतात.

हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. माझ्या ३५ हजारांना एकदम नैतिक वजन आलं! मग मी तोच तक्ता पुन्हा काढला. ३४,२२५ मधले १७,८०० विमान कंपनीला गेले, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा बेटावर पोचलाच नाही. उरले १६,४२५. त्यातला किती राहिला?

हे मोजायला मी तुम्हाला एक नाश्त्याची ताटली देते. गेस्टहाऊसमध्ये रोज सकाळी मास हुनी मिळायची: ट्यूना, खवलेलं खोबरं, बारीक कांदा, मिरची, लिंबू, आणि सोबत रोशी, म्हणजे आपली चपातीच जवळजवळ. आमच्या कोकणातल्या माणसाला हे खाऊन घरची आठवण यावी असा प्रकार. ‘अस्सल लोकल नाश्ता’ असं मी लिहिलं. आता त्या ताटलीतला एकेक घास मागे नेऊन बघा. ट्यूना तिथलाच, गळाने एकेक करून पकडलेला. नारळ तिथला. पण रोशीचं पीठ? प्रवाळाच्या बेटावर गहू पिकत नाही. कांदा? तोही नाही. भारत आणि मालदीव यांच्यात १९८१ पासून व्यापार करार आहे, त्याखाली तांदूळ, गव्हाचं पीठ, साखर, डाळ, कांदे, बटाटे, अंडी इथून जातात. एवढंच काय, बांधकामाची वाळू आणि खडीसुद्धा. म्हणजे मी अस्सल मालदीवी म्हणून जे खाल्लं त्यातला कांदा बहुधा आपल्याकडचा, आणि ज्या भिंतीला टेकून खाल्लं त्या भिंतीतली वाळूही कदाचित आपल्याकडची.

अर्थशास्त्रात याला लीकेज म्हणतात, गळती. पर्यटकाने दिलेल्या रुपयातले किती पैसे आयात, बाहेरचे मालक आणि बाहेरच्या मजुरांच्या पगाराच्या रूपाने देशाबाहेर जातात ते. हॅम्पटन यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. रिसॉर्टच्या तुलनेत गेस्टहाऊसची गळती कमी असेल हे पटण्यासारखं आहे. पण गिली बेटांमागे लोम्बोकची शेती आहे. माफुशीमागे समुद्र आहे. एका बेटाचा निष्कर्ष दुसऱ्या बेटावर नेताना मधला समुद्र तपासायला लागतो.

बाहेरच्या मजुरांवरून आठवलं. आमची खोली रोज सकाळी एक बांगलादेशी मुलगा साफ करायचा. विशीतला असेल. मालदीवच्या २०२२ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख १५ हजार माणसं मोजली गेली, त्यात साधारण चौथा हिस्सा परदेशी. बांधकामावर, बोटींवर, स्वयंपाकघरांत जे दिसतात त्यात बांगलादेशी खूप. त्या मुलाशी आम्ही मोडक्या हिंदीत बोलायचो, तो हिंदी सिनेमांची नावं घ्यायचा. माझ्या लेखात तो आहे, पण कसा? ‘स्टाफ अतिशय प्रेमळ आणि हसतमुख.’ झालं. खोली रात्रीला ४६ डॉलर का होती, ५६ का नव्हती, या प्रश्नाचं निदान थोडं उत्तर त्याच्या पगारात होतं. तो पगार किती हे मी विचारलंच नाही. आज विचारलं असतं का? आज एथिक्स कमिटीचा फॉर्म भरून विचारलं असतं. तेव्हा सुट्टीवर होते.

‘लोकल’ शब्दाची ही गंमत आहे. बजेट-लेखात लोकल म्हणजे जे रिसॉर्ट नाही ते. डीन मॅककॅनल यांनी १९७० च्या दशकात मांडलेली कल्पना इथे चपखल बसते: पर्यटकाला नेहमी मागचं दार हवं असतं, जिथे ‘खरं’ आयुष्य चालतं. म्हणून मग मागच्या दारासारखं दिसणारं एक पुढचं दार त्याच्यासाठी बांधलं जातं. माफुशीवर ते दार अगदी डोळ्यांना दिसतं. वस्तीच्या बेटांवर दारू चालत नाही, किनाऱ्यावर अंगभर कपडे लागतात. म्हणून बेटाच्या एका कडेला झावळ्यांचा आडोसा करून ‘बिकिनी बीच’ राखून ठेवलेला. आडोशाच्या आत पाहुणे, बाहेर बेट. आम्ही दोघी पहिल्या दिवशी आत गेलो, टी-शर्ट आणि लेगिंग्जवर, आणि आतल्या लोकांत सगळ्यात विचित्र आम्हीच दिसलो. संध्याकाळी आडोशाबाहेर गेलो तर तिथल्या बायका पूर्ण कपड्यांत, मुलांना घेऊन पाण्यात उतरलेल्या. आमच्या देवबागला बायका ड्रेसवर, साडीवर पाण्यात उतरतात, तशाच. मला एकदम मोकळं वाटलं. हा माझ्या सहलीतला सगळ्यात चांगला तास होता, आणि तो लेखात नाही, कारण तो फुकट होता आणि तक्त्याला त्याचं काही करता येत नव्हतं.

आता जमैका किनकेड. ‘अ स्मॉल प्लेस’ हे त्यांचं १९८८ चं छोटंसं पुस्तक, अँटिग्वा या त्यांच्या जन्मबेटाबद्दल. एका संध्याकाळी वाचून होतं. पर्यटनावर काम करणार असाल तर सिद्धांताच्या आधी हे वाचा. पुस्तक सुरू होतं ते वाचकालाच ‘तुम्ही’ म्हणत, पर्यटक म्हणून विमानतळावर उतरवून. आणि मग जे काही ऐकवलंय! तुम्ही ज्या सुंदर पाण्यात पाय बुडवताय तिथे तुमच्याच हॉटेलातलं सांडपाणी कुठे जातं, हे तुम्हाला माहीत नाही, आणि न माहीत असलेलंच बरं, असं त्या सुनावतात.

मला हे वाचताना लक्षात आलं की बजेट-लेखही वाचकाला ‘तुम्ही’च म्हणतो. ‘तुम्ही मालेला उतरलात की डावीकडे वळा.’ दोन्हीकडे तोच ‘तुम्ही’, तेच विमानतळ, तोच समुद्र. एक ‘तुम्ही’ गोंजारतो, दुसरा कान धरतो. पण गोंजारणारा तुम्हाला पाच लिटरची पाण्याची बाटली घ्या, स्वस्त पडते, एवढं सांगून थांबतो. ती रिकामी झाल्यावर कुठे जाते हे सांगत नाही. मालेच्या पश्चिमेला थिलाफुशी म्हणून जागा आहे, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कचऱ्याचा भराव घालत वाढवलेलं बेट. राजधानी आणि रिसॉर्टांचा कचरा वर्षानुवर्षं तिथे जात आला. माझ्या लेखातल्या बाटलीच्या टीपेनंतरचं पुढचं वाक्य ते असायला हवं होतं.

तरी किनकेड यांच्याशी माझं एक भांडण आहे. त्यांचा पर्यटक उत्तर अमेरिकेतून किंवा युरोपातून येतो, गोरा असतो. तीन हजार किलोमीटरच्या आतून, स्वतःच एका जुन्या वसाहतीतून, शिकवण्यांचे पैसे घेऊन येणारी मुलगी त्यांच्या ‘तुम्ही’त बसत नाही. बसायला हवी का? पहिल्या भागाच्या शेवटी त्या म्हणतात त्याचा आशय असा, की प्रत्येक पर्यटक कुठल्या तरी जागेचा रहिवासीच असतो, आणि प्रत्येक रहिवाशालाही आपल्या जागेतून थोडं बाहेर पडावंसं वाटतं. पण जगातल्या बहुतेक रहिवाशांकडे त्यासाठी पैसे नसतात, म्हणून पर्यटक आला की त्यांना त्याचा हेवा वाटतो. ही जागा मी पाच-सहा वेळा वाचली. कारण मी दोन्ही आहे.

माझी मामी मालवणजवळ घरातच तीन खोल्या पाहुण्यांना देते. न्याहारी व निवास, रीतसर नोंदणी केलेली. गेल्या दिवाळीत एक मुलगा दोन रात्री राहून गेला आणि त्याने व्हिडिओ टाकला, शीर्षकात ‘फक्त’ आणि आकडा. त्यात मामी अकरा सेकंद दिसते, घावणे वाढताना. खाली लिहिलंय, ‘खूपच गोड काकू, अगदी घरच्यासारखं.’ व्हिडिओत सांगितलेला दर त्याने घासाघीस करून घेतलेला दर होता. पुढचे दोन महिने फोन करणारा प्रत्येक जण तोच दर मागत होता. मामीला विचारलं, तू त्याला सांगितलं नाहीस, की हा दर टाकू नको म्हणून? ती म्हणाली, ‘माका इचारूक नाय तेणी. फोन तेवडो फुडे धरल्यान.’

मला तो बांगलादेशी मुलगा आठवला, हे काय वेगळं सांगायचं. पण मालकिणीचं आणि नोकराचं दुःख एकच असं करून टाकू नका. मामीचं घर मामीचं आहे. ती दर वाढवू शकते, फोन ठेवून देऊ शकते. त्याला ते करता येत नव्हतं. ‘स्थानिक’ म्हणून दोघांना एका डब्यात टाकलं की तुमचं कोडिंग तिथेच बिघडलं.

मग हे लेखन टाकाऊ का? अजिबात नाही, आणि ज्युनिअरला मी हेच लिहून पाठवलं. बजेट-लेखात अशा गोष्टी असतात ज्या धोरणाच्या अहवालात नसतात: कोणत्या दिवशी फेरी नव्हती, झावळ्यांचा आडोसा कुठे होता, नाश्त्यात काय होतं. लेखकाला ते किरकोळ वाटतं म्हणून तो तिथे खोटं बोलत नाही. जिथे तो छाती फुगवतो, म्हणजे ‘फक्त’, ‘लोकल’, ‘लपलेलं’, तिथे त्याच्यावर विश्वास ठेवू नका. जिथे तो कंटाळून माहिती देतो तिथे ठेवा. पर्यटक काय म्हणतात याचा हा पहिल्या हाताचा पुरावा आहे, बेटाची अर्थव्यवस्था कशी चालते याचा नाही. आणि प्रत्येक दरापुढे तारीख लिहा. माझ्या तक्त्यातला ३ डॉलरचा ग्रीन टॅक्स २०२५ च्या जानेवारीपासून छोट्या गेस्टहाऊसनाही ६ झाला, मोठ्यांना १२. माझा लेख मात्र अजून ३ च सांगत होता, आणि लोक वाचत होते.

एक शेवटची गोष्ट, कारण हा प्रश्न मला दर वेळी येतो: मालदीव कशाला, लक्षद्वीप आहे की! २०२४ च्या जानेवारीत तो वाद पेटला तेव्हापासून हे वाक्य देशभक्तीसारखं म्हटलं जातं. मिनिकॉय बेटावर जी महल भाषा बोलतात ती मालदीवच्या धिवेहीचीच बोली आहे, इतकी ही बेटं एकमेकांची. पण लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही परवाना लागतो, जहाजाच्या जागा मोजक्या, राहायच्या सोयी मोजक्या. तिथे ‘स्वस्तात जा’ असं म्हणणारा लेख वाचलात तर त्याला हाच प्रश्न विचारा: इथे दरवाजा कोणी, कधी आणि कोणासाठी उघडला आहे?

माझा जुना लेख मी काढून टाकलेला नाही. वर तारीख घातली, शुक्रवारचं खरं काय झालं ते लिहिलं, ‘लपलेलं रत्न’ खोडून ठेवलं, दिसेल असं.

ज्युनिअरचा नवा मसुदा परवा आला. ‘सामान्य भारतीय पर्यटक’ गेला आहे. आता तिला हे बघायचंय की जी सरकारी फेरी बेटावरच्या लोकांना दवाखान्यात, शाळेत, कचेरीत जायला सुरू झाली, तिच्या जागा पाहुण्यांच्या हंगामात कोणाला मिळतात. मी फक्त एवढंच विचारलं, की तिकिटांच्या नोंदी कोण ठेवतं आणि त्या तुला कोण देणार?